उलट्या चेहऱ्याची साक्ष

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात वसलेले शिरपूर जैन हे गाव ज्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या योगे देशभरच्या जैन समाजास ठाऊक आहे, त्याच्या मंदिरापासून फार दूर नसलेल्या एका ओसरीवर दोन वृद्ध गृहस्थ सायंकाळी नित्यनेमाने बसतात; त्यांपैकी एकाने अकोल्याच्या व वाशीमच्या न्यायालयांत आयुष्यभर फौजदारी वकिली केली, आणि दुसऱ्याने लग्नांची, शाळांच्या वर्गांची व तहसील कचेरीच्या अर्जांना डकविण्याची छायाचित्रे काढण्यात डोळे शिणविले. पहिल्यास सारे वकीलसाहेब म्हणतात, दुसऱ्यास नाना. मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकविलेला मास्तर; त्यामुळे दोघांचा वाद पेटला की माझी नेमणूक बहुधा साक्षीदार म्हणून होते, आणि साक्षीदारास या ओसरीवर फारसा मान नाही.

वादाचे निमित्त क्षुल्लक होते. नानांनी जुन्या ट्रंकेतून शाळेचे एक गटछायाचित्र काढून सतरंजीवर ठेवले, ते त्यांच्या स्वतःच्या बाजूने सुलटे. वकीलसाहेब समोर बसलेले असल्यामुळे त्यांच्या दृष्टीने सारी पोरे डोक्यावर उभी होती. त्यांनी चष्मा सरसावून तिन्ही रांगा पालथ्या घातल्या, तरी त्यांना आपला सख्खा धाकटा भाऊ सापडेना. नानांनी चित्र फिरविले मात्र, तोच बोट आपोआप मधल्या रांगेत जाऊन टेकले.

वकीलसाहेब : मला यात नवल वाटते ते असे की, चित्रातील एक रेघही बदललेली नाही. तेच रुंद कपाळ, तेच बसके नाक, हनुवटीवर लहानपणी पडलेली तीच खोक. दस्तऐवज उलटा धरला तर वाचावयास वेळ लागतो, पण त्यातील खरेदीदार काही गहाळ होत नाही. मग येथे माणूसच कसा गहाळ झाला?

नाना : तुम्ही चेहऱ्यास यादी समजता, म्हणून. कपाळ एक, नाक एक, भुवया दोन, असा तो ऐवज नव्हे.

वकीलसाहेब : यादी नव्हे तर काय? मोगलांच्या लष्करात मनसबदाराने हजिरीच्या दिवशी भाडोत्री माणूस उभा करू नये म्हणून शिपायाचा चेहरा लिहून ठेवीत आणि घोड्यास डाग देत, ती यादीच होती. फरारी इसमाचा हुलिया ही यादीच, सरकारी नोकराच्या सेवापुस्तकातील ओळखीच्या खुणा ही यादीच. पॅरिसच्या पोलिस खात्यात आल्फोन्स बर्तियाँ याने गेल्याच्या गेल्या शतकात कान किती प्रकारचे, नाकाचा बाक किती प्रकारचा, याचे कोष्टक बांधून गुन्हेगार हुडकून काढले. एवढी राज्ये यादीवर चालली, आणि तुम्ही म्हणता चेहरा म्हणजे यादी नव्हे!

नाना : राज्ये चालली असतील. पण तुमच्या ओळखपरेडीत साक्षीदार काय करतो, ते मास्तरांना एकदा सांगा.

यावर वकीलसाहेबांनी जे वर्णन केले ते येथे थोडक्यात देतो, कारण पुढचा सारा वाद त्यावरच उभा आहे. आरोपीस त्याच्याच वयाच्या, अंगलटीच्या व वर्णाच्या माणसांच्या रांगेत उभे करतात. नायब तहसीलदार दोन पंचांसमक्ष कार्यवाही चालवितात. साक्षीदार रांगेपुढून जातो आणि एकाच्या खांद्यावर हात ठेवतो. पुढे न्यायालयात उलटतपासणीच्या वेळी त्यास विचारावे की बाबा रे, कशावरून ओळखलेस, तर शंभरातील नव्वद साक्षीदार एवढेच म्हणतात, 'साहेब, तोच होता.' नाक कसे होते हे सांगता येत नाही, भुवया जुळलेल्या होत्या की वेगळ्या हे आठवत नाही. मात्र माणूस तोच, याविषयी तिळमात्र शंका नाही. (नव्वद हा आकडा वकीलसाहेबांचा; तो मी पुराव्यात धरीत नाही.)

नाना : पाहा! यादी ज्याच्याजवळ नाही, तोच ओळखतो.

वकीलसाहेब : आणि म्हणूनच अशा साक्षीदारावर मी कधी विश्वास ठेवला नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील नवव्या कलमाखाली अशी ओळख ग्राह्य धरीत आले, हे खरे. पण ग्राह्य असणे वेगळे आणि खरी असणे वेगळे. मास्तर, तुमचे शास्त्र काय म्हणते? प्रश्नापुरतेच उत्तर द्या.

मी : १९६९ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रॉबर्ट यिन याने हाच प्रश्न घेतला. त्याने लोकांना चेहरे, घरे, विमाने वगैरेंची चित्रे दाखविली व नंतर कोणती पाहिली होती हे विचारले. चित्रे सुलटी असताना सर्वांत चांगले लक्षात राहिले ते चेहरे. तीच उलटी दाखविली असता सर्वांत वाईट ओळखले गेले ते चेहरेच. उलटे केल्याने घराचे व विमानाचेही नुकसान होते, पण चेहऱ्याचे अतोनात.

वकीलसाहेब : याचा अर्थ, ज्यास माणूस सर्वांत अधिक सरावलेला, तेथेच तो सर्वांत अधिक फसतो.

मी : हा अर्थही लावला गेला आहे. डायमंड व केरी या दोघी विदुषींनी १९८६ साली असे दाखविले की, कुत्र्यांच्या जातींचे परीक्षण करण्यात हयात घालविलेल्या माणसांना उलटा कुत्रा ओळखणेही असेच जड जाते. पुढे इतरांना तोच परिणाम तितका ठळक आढळला नाही, आणि चेहरा ही मुळातच वेगळी चीज आहे की केवळ दीर्घ सरावाचा विषय, यावर पंडितांचे अद्याप एकमत नाही.

वकीलसाहेब : तज्ज्ञांत मतभेद. नोंद घ्या.

नाना : पंडितांचे राहू द्या, माझी जबानी घ्या. माझ्या वडिलांचा प्लेट कॅमेरा मी कित्येक वर्षे वापरला. तिपाईवर लाकडी पेटी, पुढे भिंग, मध्ये कातडी भाता, मागे घासलेली काच. डोक्यावर काळा कपडा घेऊन त्या काचेत पाहावे, तर सारे जग उलटे. नवरी-नवरा पाय वर करून लटकलेले, मुंडावळ्या खालून वर चढलेल्या, आणि नथीचा झुबका गालावरून कपाळाकडे निघालेला. नवख्या माणसास हसू येते. मला त्या काचेत खांद्याची रेषा कोठे मोडली ते दिसे, उजेड कोणत्या गालावर सांडला आणि कोणत्या गालावर आटला ते दिसे, कडेच्या मामांचे पोट चौकटीबाहेर जाते की काय ते दिसे. पापणीचे केस काचेवर सुईसारखे उमटले म्हणजे मी भिंग पक्के करीत असे. पण नवरी लाजून हसते आहे की माहेरच्या आठवणीने रडण्याच्या बेतात आहे, हे त्या काचेत मला कधी म्हणजे कधीच कळले नाही. सारे अवयव समोर, आणि नवरी गैरहजर. म्हणून माझ्या वडिलांनी शिकविले होते की, काच पाहून घ्यावी, प्लेट मागे सरकवावी, मग तर काच तशीही झाकली जाते. नंतर कपड्याबाहेर येऊन, रबरी फुगा मुठीत धरून, नवरीच्या तोंडाकडे उघड्या डोळ्यांनी पाहावे आणि मनास पटेल त्या क्षणी फुगा दाबावा.

ही जबानी मला मोलाची वाटली, हे सांगितले पाहिजे. व्होल्फगांग क्योलर या मानसशास्त्रज्ञाने १९४० साली नमूद केले होते की, चेहरा उलटा केला की त्याची ओळख तर दुबळी होतेच, पण त्यावरील भाव जवळजवळ मावळतो. मानसशास्त्रज्ञाने लिहिलेली ही गोष्ट काळ्या कपड्याखाली उभ्या राहिलेल्या लग्नातील फोटोग्राफरास ग्रंथ न वाचता ठाऊक होती, आणि तिच्यावरून त्याने आपल्या धंद्याची रीतही बसविली होती.

वकीलसाहेब : पण नाना, तुमच्या घासलेल्या काचेसारखीच काच आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यात आहे. केप्लरने १६०४ सालीच दाखविले की नेत्रपटलावर पडणारी प्रतिमा उलटी असते. म्हणजे आपण जन्मभर उलटीच माणसे ओळखीत आलो.

मी : ती हरकत टिकणार नाही. नेत्रपटलावर सारेच उलटे, भिंत, छप्पर, चेहरा, आणि आपले दोन पायही. मेंदूस सवय झाली ती त्या मांडणीची. त्या सवयीच्या विरुद्ध चेहरा आला की अडते. मग चेहरा उलटा असो की पाहणारा.

नाना : लोणारला दैत्यसूदनाच्या मंदिरात जाऊन पाहा ना. छतावर आकृती कोरल्या आहेत. मान मागे टाकून एका बाजूने पाहावे तर दगडाचा नुसता गुंता, आणि तेथेच अर्धे वळून उभे राहावे तर तोंड दिसू लागते. दगड काही वळत नाही. पाहणारे यात्रेकरू मात्र त्या छताखाली गरगर फिरत असतात.

वकीलसाहेब : बरे, मग सावंतवाडीच्या गंजिफाचे काय? दशावतारी गंजिफाची एकशेवीस पाने, सारी गोल. हातात कोणते पान कसे येईल याचा नेम नाही. तरी खेळणारा राजा आणि प्रधान क्षणात ओळखतो, डोके वर असो की खाली.

नाना : तो राजा ओळखतो, वकीलसाहेब, अमका राजा नव्हे. शंख दिसला, परशू दिसला, की काम झाले. तुमची यादी तेथे चालेल. पण त्या राजाच्या जुळ्या भावास त्याच मखरात बसवा आणि मग खेळणाऱ्यास विचारा.

वकीलसाहेबांस हे थोडे लागले, असे मला वाटले. कारण त्यांनी सुपारी कातरण्यास घेतली, जी ते हरकत फेटाळली गेली म्हणजे घेतात. मी मधल्या वेळात १९८० सालचा पीटर थॉम्पसन याचा प्रयोग सांगितला. इंग्लंडातील यॉर्क विद्यापीठातील या संशोधकाने तत्कालीन पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या हसऱ्या छायाचित्रातील डोळे व तोंड तेवढे कापून उलटे चिकटविले. तो चेहरा सुलटा पाहिला असता राक्षसी दिसतो, पाहवत नाही. पण तेच सबंध चित्र उलटे धरले की त्यात काही बिघाड आहे हे पाहणाऱ्याच्या चटकन ध्यानातही येत नाही, एक हसतमुख बाई दिसते आणि बस्स.

नाना : झाले तर! डोळे उलटे, तोंड उलटे, एवढा मोठा फेरफार, आणि तुमच्या यादी वाचणाऱ्या डोळ्यास पत्ता नाही. कारण डोळा जागेवर आहे, तोंड जागेवर आहे, यादीत सारे भरले. ते एकमेकांशी कसे बसले आहेत, हे यादीत नसते.

वकीलसाहेब : थांबा. मला तुमच्याच धंद्यातील एक गोष्ट विचारावयाची आहे. निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करताना तुम्ही ती काच कशी धरीत होता?

नाना : तिरप्या मेजावर, मागून उजेड घेऊन.

वकीलसाहेब : सुलटी की उलटी?

नाना : (जरा थांबून) गालावरील छटा सारखी करावयाची असेल तर उलटी.

वकीलसाहेब : का?

नाना : सुलटी धरली की हात चेहऱ्याच्या मागे लागतो. ओळखीची मुलगी असली की ती आहे त्याहून सुंदर होऊ लागते, आणि सावकार असला की त्याच्या तोंडावर उगाच तेज चढते. उलटी धरली म्हणजे नुसते डाग दिसतात, काळा-पांढरा हिशेब दिसतो.

वकीलसाहेब : मास्तर, ही कबुली शब्दशः टिपून घ्या. निःपक्षपातीपणा हवा असेल तेव्हा हे गृहस्थही चेहरा उलटाच करतात. आता सांगा, उलट्या चेहऱ्यातच माणूस अधिक खरे पाहतो, असे तुमच्या शास्त्रात कोठे निघाले आहे काय?

निघाले आहे, आणि ते मी लपविणे उचित झाले नसते. १९८७ साली यंग, हेलावेल व हे या तीन संशोधकांनी एका प्रसिद्ध माणसाच्या चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग दुसऱ्या प्रसिद्ध माणसाच्या खालच्या अर्ध्या भागाशी बेमालूम जोडला. असा जोडचेहरा सुलटा पाहणाऱ्यास वरचा भाग कोणाचा हे सांगण्यास विलंब लागतो, कारण दोन्ही अर्धुके एकमेकांत मिसळून एक तिसराच, अस्तित्वात नसलेला माणूस समोर उभा राहतो. तेच चित्र उलटे केले की ती मोहिनी सुटते आणि वरचा भाग अधिक लवकर ओळखता येतो. याहून विलक्षण गोष्ट मार्था फारा व तिच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नोंदविली. मेंदूस इजा झाल्यामुळे माणसांचे चेहरे ओळखण्याची शक्ती गमावलेला एक रुग्ण (या विकारास आजचे वैद्यकीय नाव १९४७ साली योआखिम बोडामेर या जर्मन वैद्याने दिले) सुलट्या चेहऱ्यांपेक्षा उलटे चेहरे अधिक अचूक जुळवीत असे. त्याच्या मेंदूतील सबंध चेहरा घेणारे यंत्र बिघडले होते, पण बंद पडले नव्हते. सुलटा चेहरा दिसला की ते मध्ये लुडबुड करी, उलटा दिसला की ते स्वस्थ बसे.

वकीलसाहेब : म्हणजे तुमचे ते सबंध दर्शन कधी मदतनीस असते आणि कधी खोटा साक्षीदार. माझे म्हणणे याहून जास्त नव्हतेच. आणि हे मी कोठे बसून बोलतो आहे? या गावात. येथील मूर्तीच्या पूजेच्या वेळा दिगंबर व श्वेतांबर अशा दोन्ही पंथांनी १९०५ साली वाटून घेतल्या. तरी पुढे दावा उभा राहिलाच. तो अकोल्याच्या न्यायालयातून नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरांपुढे गेला आणि तेथून लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचून १९२९ साली निकालात निघाला. त्या निकालात चर्चा कशाची? कटिसूत्राची, कच्छोट्याची, लेपाची; व्यवस्थापन कोणी करावे आणि पूजा कोणी केव्हा करावी याची. लंडनच्या न्यायमूर्तींनी मूर्ती काही डोळ्यांनी पाहिली नव्हती. त्यांच्यासमोर कागद होते, आणि कागदावर अवयव होते. दोन पंथांना एकाच पाषाणात आपापल्या परंपरेप्रमाणे दोन सबंध दर्शने होत असतील, तर न्यायाधीशाने कोणते खरे मानावे? त्याला यादीच केली पाहिजे.

नाना : आणि यादी करून वाद मिटला?

हा प्रश्न बोचरा होता. १९८१ मध्ये मंदिराचे दार बंद झाले ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ च्या मार्च महिन्यात उघडले. मधल्या चार दशकांत येणारा यात्रेकरू दारातील लहानशा झरोक्यास डोळा लावून दर्शन घेई. कोणत्या पंथाची बाजू न्याय्य, हा या ओसरीवरील वादाचा विषय नव्हे व माझाही नव्हे. परंतु झरोक्यावरून मला एक प्रयोग आठवला आणि मी तो विचारल्यावाचून सांगितला, ज्याबद्दल वकीलसाहेबांनी मला समजही दिली. बेल्जियममधील संशोधकांनी २०१० मध्ये एक अशी योजना केली की, पाहणाऱ्यास चेहऱ्याचा केवळ तेवढाच भाग दिसावा जेथे त्याची नजर त्या क्षणी खिळली आहे, जणू चेहरा एका सरकत्या छिद्रातून पाहावा. अशा वेळी चेहरा सुलटा असला तरी पुष्कळसा उलट्यासारखाच वागतो. त्यास उलटा केल्याने होणारे वेगळे नुकसान फारच थोडे उरते, कारण छिद्राने सबंधपण आधीच काढून घेतलेले असते.

नाना : मग माझ्या आईचे काय? तिने त्या झरोक्यातून कितीदा दर्शन घेतले. तिला तुकडे दिसले नाहीत. ती म्हणे, पूर्ण दर्शन झाले.

मी : तिने मूर्ती दार बंद होण्यापूर्वी पाहिली होती का?

नाना : लहानपणापासून. माहेरच येथले.

मी : मग झरोक्यातून तुकडा दिसत होता आणि बाकीचे ती घरून घेऊन येत होती.

वकीलसाहेब : अगदी हेच माझा साक्षीदार करतो! रात्रीच्या अंधारात त्याला अर्धा गाल दिसतो आणि बाकीचा माणूस तो घरून आणतो. तुमच्या मातोश्रींविषयी मला आदर आहे, नाना. तेथे कोणाला शिक्षा होणार नव्हती. येथे सात वर्षे सक्तमजुरी होते.

नाना काही वेळ बोलले नाहीत. माझा कल एरवी त्यांच्याकडे असतो, हे मी लपवीत नाही. चेहरा म्हणजे नातेसंबंध आहे, बेरीज नव्हे, ही त्यांची जाण मला यिनच्या कोष्टकांहून अधिक सजीव वाटते. पण वकीलसाहेबांनी दाखविलेली फट खरी होती. जी शक्ती नाकाडोळ्यांचे निमिषार्धात एक माणूस करते, तीच दोन परक्या अर्धुकांचाही एक माणूस करते, आणि दोन्ही वेळा तिचा आत्मविश्वास सारखाच असतो.

नाना : एक सांगा. तुम्ही निवडणुकीत पोलिंग एजंट म्हणून बसला आहात. मतदार टेबलाच्या पलीकडून ओळखपत्र पुढे करतो तेव्हा ते अधिकाऱ्यास उलटे येते. तो काय करतो?

वकीलसाहेब : फिरवून पाहतो.

नाना : क्रमांक वाचण्यासाठी?

वकीलसाहेब : क्रमांक कित्येकदा तो उलटाच वाचतो, दिवसभर वाचून सवय होते. फोटोसाठी फिरवतो.

नाना : दिवसभरात शेकडो कार्डे, तरी फोटोची सवय होत नाही. आणि तेथे तर भावभावनांचा प्रश्न नाही, निव्वळ सरकारी तपासणी आहे. तुमची यादी पुरेशी असती तर त्या कारकुनाने एवढे मनगट का झिजविले असते?

वकीलसाहेब : तो फिरवतो, कारण त्याला लवकर उरकायचे असते. रांग बाहेर उन्हात उभी आहे. मी म्हणतो, ज्या एका मतदारावर एजंटाने आक्षेप घेतला, त्याचे कार्ड त्याने मुद्दाम उलटे धरून तपासावे. कान पाहावा, भुवईचा कोन पाहावा.

मी : त्याने खोटा मतदार सापडेलच असे नाही. उलट्या चेहऱ्यात माणूस एकंदरीत चुकतोच अधिक. मोहिनी सुटते, पण तिच्याबरोबर पुष्कळशी दृष्टीही जाते. आणि कोवळ्या वयात ती दृष्टी न लाभलेली माणसेही आहेत. जन्मतः दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्यामुळे पहिले दोन ते सहा महिने ज्यांना नीट दिसले नाही, आणि नंतर शस्त्रक्रियेने दिसू लागले, अशा लोकांची तपासणी कॅनडातील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली. नऊ किंवा त्याहून अधिक वर्षे डोळस राहूनही त्यांना डोळे, तोंड वेगळे आहे हे ठीक कळे. पण त्याच डोळ्यांतील व तोंडातील अंतर बदलले असता ते त्यांना सहजासहजी ओळखता येत नसे.

वकीलसाहेब : असा साक्षीदार मला आयुष्यात एकदा तरी मिळावयास हवा होता. 'साहेब, तोच होता' असे तो कधी म्हणाला नसता; डोळा असा, ओठ असा, एवढेच सांगून खाली उतरला असता.

नाना : आणि वकीलसाहेब, रांगेत आरोपीचा भाऊ उभा असता तर?

वकीलसाहेब : कोणता भाऊ?

नाना : ज्याचा डोळा तसाच आणि ओठ तसाच, फक्त त्यांमधले अंतर दोन सूत कमी.

वकीलसाहेबांनी सुपारी पुन्हा हातात घेतली, आणि मग ते म्हणाले की तशा खटल्यात आपण आरोपीचे वकील होतो की सरकारचे, एवढे आधी स्पष्ट झाल्याखेरीज ते उत्तर देण्यास बांधील नाहीत.